अंथरुणाला खिळलेला धावपटू

रंगभूमीवर आजवर एकदाच मला कडाडून टाळ्या पडल्या, आणि त्याही माझ्या डाव्या पोटरीमुळे.

त्या वर्षी एका व्यावसायिक नाटकात मी अर्धांगवायू झालेल्या, वाचा गेलेल्या सासऱ्याचं काम करत होतो. अख्खा दुसरा अंक खाटेवर पडून राहायचं. (निर्माते म्हणाले होते, "हे काम तुमच्यासाठीच आहे." मी ते कौतुक समजलो!) महिन्यातले वीस दिवस दौरा, आणि त्यात मला मॅरेथॉनचं वेड लागलं. शर्यत जानेवारीत आमच्याच तालुक्यात होती. दौऱ्यात बस चहाला थांबली की मी पुढे पळत सुटायचो आणि बसनं मागून येऊन मला उचलायचं, असं ठरलेलं. एकदा मंडळी गप्पांत मला विसरली आणि बस हॉर्न वाजवत पुढे निघून गेली. त्या दिवशी सराव भरपूर झाला.

घरी असलो की आचोळ्याहून निघायचं, पळत निर्मळला जायचं आणि परत यायचं. इथंच मी फसलो. निर्मळ ही माझी सासुरवाडी!

पहिल्याच सकाळी मी हाफपँटमध्ये धापा टाकत दारावरून जाताना सासूबाईंनी पाहिलं.

"अगोबाई! सुलभाशी भांडून आलात की काय?"

"नाही हो, सराव करतोय. मॅरेथॉनचा."

"असा? उपाशीपोटी? या आत!"

जावई दारावरून उपाशी गेला तर गावात तोंड कसं दाखवायचं? पोहे, दोन केळी, वर चहा. महिनाभराच्या सरावानं माझी हाफपँट मला घट्ट व्हायला लागली.

पण खरा प्रश्न होता सासऱ्यांचा. आप्पा केळीचे बागायतदार. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्यांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. "खोटं खोटं पडायचं, खोटं खोटं रडायचं, त्यात बघायचं काय?" असं त्यांचं म्हणणं. मला ते फार लागायचं. एकदा तरी आप्पांनी "शाब्बास" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. (पुरस्कार वगैरे मला नको होते. कुणी देतही नव्हतं.) शेवटी आमच्या तालुक्याच्या गावी, वसईतच प्रयोग लागला आणि सुलभानं वडिलांना गळ घातली. आप्पा एकटे कसले येतायत! टेम्पो भरून अर्धं गाव घेऊन आले.

प्रयोग दुपारी चारचा. सुलभानं सकाळीच बजावलं होतं, "अहो, आज पळू नका हं. आप्पा येणारेत."

"थोडंसंच पळतो गं."

थोडंसं म्हणता म्हणता अंगात आलं आणि मी निर्मळच्या दोन खेपा केल्या. दोन्ही वेळा पोहे.

दुसरा अंक सुरू झाला. मी खाटेवर निश्चल. पहिल्या रांगेत आप्पा हाताची घडी घालून. माझी सून झालेली नटी पायाशी बसून रडू लागली, "बाबा, एकदा, फक्त एकदा बोट हलवून दाखवा हो!" या वाक्याला दर प्रयोगात हुंदके यायचे. त्या दिवशी नेमका त्याच वाक्याला माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला.

"आई गंऽऽऽ!" करत मी खाटेवरून जी उडी मारली, ती थेट सुनेच्या डोक्यावरून पलीकडे! वाचा गेलेला म्हातारा एका पायावर थयथयाट करू लागला. सून बिचारी गोंधळून म्हणाली, "बाबा, एवढंही नको!" थिएटर टाळ्यांनी दणाणलं. तेवढ्यात आप्पा उभे राहिले.

"अंगठा ओढा, जावईबापू! अंगठा वर ओढा!" मग मागे वळून प्रेक्षकांना म्हणाले, "सकाळी दोनदा पळालेत हो हे. दोनदा पोहे खाल्लेत!" आणि सरळ रंगमंचावर चढून, माझा पाय मांडीवर घेऊन चोळू लागले. पडदा कुणी पाडला, देव जाणे.

बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, "कसं वाटलं, आप्पा?"

"उडी झकास मारलीत. पण ते पडून राहणं काही खरं वाटलं नाही बुवा. पडलेला माणूस असा असतो होय?"

अकरा वर्षांनी आले, आणि हे! दोन दिवस मला पोहेसुद्धा गोड लागले नाहीत.

जानेवारीत शर्यत झाली. रस्ता निर्मळवरूनच होता आणि सासूबाई ताट घेऊन भर रस्त्यात उभ्या होत्या.

"शर्यत काय पळून जात नाही. एक लाडू तरी घ्या!"

एक मी घेतला, दुसरा त्यांनी कोंबला. पन्नास पावलांवर दोन्ही पायांत एकदम गोळे आले आणि मी रस्त्याच्या कडेला आडवा झालो. हलता येईना. बोलावं तर लाडू घशात! माणसं पाणी घेऊन धावली. पण आप्पांनी दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं.

"कुणी हात लावू नका! नाटकात बघितलंत ना? आता उडी मारतील."

गाव कोंडाळं करून उडीची वाट बघत उभं राहिलं. मी नुसते डोळे गरागरा फिरवत होतो. कुणीतरी "वा!" म्हणालं. माझ्या मागे असलेले सगळे धावपटू एकेक करून पुढे निघून गेले. शेवटी आप्पा खाली बसले, मला नीट निरखून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

"शाब्बास, जावईबापू! आज मात्र अगदी खरं वाटलं."