उघड्या बोटांनी

नरडाण्याला कारखान्याच्या फाटकाबाहेर एक म्हातारी भरीत-भाकरी विकते. मी दुपारी तिथंच जेवतो. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी ती उघड्या बोटांनी सोलते. परवा एक वांगं फुटलं. वाफेनं तिचा हात झटकन मागं आला, पण तोंडातून आवाज नाही.

मी आमच्या घरातला पहिला बीएस्सी. लगेच सांगितलं, “अक्का, चटका बसला की हात मेंदूला न विचारताच मागं येतो.”

“हात येस रे भाऊ,” बोटं पाण्यात बुडवत ती म्हणाली. “पन ‘आई वं’ कोनले म्हनानं? घरमा आयकाले कोन शे?”

संध्याकाळी खोलीवर एकट्यापुरती पोळी भाजताना मला तवा लागला. हात आपसूक मागं आला. मी मात्र गप्पच होतो.