पायाळू होऊ दिलं नाही

माझं पहिलं मूल पायाकडून आलं आणि गेलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी केलं ते त्याच्यामुळे.

ते बाळंतपण माहेरी झालं, पिंपळे गुरवला. आधी पाय आले, मग कंबर, खांदे, आणि मान अडकली. त्याचे पाय हलत होते ते मला मांडीला कळत होतं. मग ते हलेनात. मुलगा होता. आई मला त्याचं तोंड दाखवत नव्हती, तेव्हा मी भिंतीला धरून उठले आणि स्वतः बघितलं. बाहेर ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "पायाळू हुता गं. जगता तर मोठ्या गुनाचा झाला असता."

पायाळू माणसाला आमच्याकडे तेव्हा केवढा मान होता, ते आजच्या मुलींना सांगून पटत नाही. कुणाच्या कंबरेत उसण भरली की पायाकडून जन्मलेल्या माणसाला बोलवायचं. त्यानं पाठीवर लाथ लावली की उसण जाते म्हणायचे. विहिरीची जागाही त्यानंच दाखवायची. माझ्या सासूचा धाकटा भाऊ असा पायाळू होता. चाकणकडच्या एका खेड्यात राहायचा. त्याच्या दारात सकाळपासून वाकडी-तिकडी माणसं बसलेली असायची. सासू त्याचं नाव काढताना मान ताठ करायची.

पहिलं माहेरी बिघडलं म्हणून दुसऱ्या खेपेला सासूनं मला तिकडे पाठवलंच नाही. भोसरीलाच ठेवलं. आठवा महिना सरत आला तेव्हा सुईण पोटाला तेल लावायला आली. तिनं हात फिरवला, थांबली, परत फिरवला. मग बरगडीखाली एका जागी बोटं दाबून धरली.

"डोकं वर हाय," ती म्हणाली.

सासू चुलीपुढं होती. तिथूनच तिनं विचारलं, "म्हंजी पायाळू?"

"ऱ्हायलं असंच तर पायाळूच की."

सासू उठली आणि देवापुढं साखर ठेवली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मी आडावर गेले तर बायका माझ्या हातातला पोहरा घेऊ लागल्या. शेजारचा म्हातारा कमरेला हात लावून आमच्या दारात आला आणि सासूला म्हणाला, "वैनी, पोरगं पाय टाकाया लागलं की पयली लाथ माजी. आत्ताच सांगून ठिवतो."

सासू हसली. "तुमी तवर ऱ्हाताय का बगा."

मी आतून म्हटलं, "आबा, ते तवर ऱ्हातंय का ते इचारा."

म्हातारा आला तसा परत गेला. सासूनं मला त्या दिवशी जेवायला वाढलं, पण ताट आपटून.

माझे मालक पिंपरीच्या एका नव्या कंपनीत लागले होते. रोज सायकलीनं जायचे. त्यांच्या खात्यात कँपातला एक माणूस होता. फाळणीत तिकडून आलेल्या लोकांचा पिंपरीला कँप होता, तिथला. त्याच्या बायकोचं मूलही असंच उलटं होतं, आणि कँपातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वरून हातानं फिरवून दिलं, असं तो बोलला होता. मालकांनी ते मला सांगितलं आणि लगेच, चुकून बोललो असं तोंड केलं.

"मला घिऊन चला," मी म्हटलं.

"आयला इचारतो."

"आयला कशापायी? पोट माजं हाय."

"तसं न्हाई गं. पन मामांसारकं झालं तर..."

"मामांसारकं न्हाई झालं मागल्या टायमाला. तुमी आला हुता ना पुराया?"

 सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल बाहेर काढली आणि हवा बघत बसले. मी लुगडं नेसून बाहेर आले आणि सासूला सांगितलं. लपवून जाणं मला जमत नाही.

"आत्याबाई, पिंपरीला जातेय. पोट फिरवून घ्यायला."

"कुनाच्या हातनं?"

"डॉक्टरीण हाय."

"देवानं घातलंय ते तुला वाकडं दिसतंय व्हय?"

"मागलंबी त्यानंच घातलं हुतं," मी म्हटलं आणि निघाले.

कॅरियरवर बसायची सोय नव्हती, म्हणून चालत गेलो. ते सायकल हातात धरून पुढं, मी मागं. मुंबईचा रस्ता ओलांडला, रूळ ओलांडले. कँपात दारोदार बाजांवर पापड वाळत घातले होते. दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, मध्ये पडदा. डॉक्टरीणबाई उंच होत्या, चष्मा लावायच्या, मराठी तोडकं बोलायच्या. त्यांनी पोट चाचपलं, मग एक लाकडी नरसाळं पोटाला लावलं आणि त्याच्यावर कान टेकवला. बराच वेळ ऐकलं.

"बच्चा अच्छा है," त्या म्हणाल्या. "पण सिर वर आहे. मी हाताने फिरवणार. होईल, नाहीही होणार. दुखेल. कधी बच्चे को तकलीफ होते, मग थांबावं लागतं. तुमचं काय म्हणणं?"

त्यांनी मालकांकडे बघून विचारलं होतं. मालक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "फिरवा."

आधी लघवी करून यायला सांगितलं. मग टेबलावर झोपवलं आणि पायांकडच्या बाजूला विटा लावून टेबल उचललं. रक्त सगळं डोक्यात आलं. पोटावर पांढरी पावडर टाकली. त्यांनी एक हात खाली, ओटीपोटात रुतवला आणि बाळाचं ढुंगण वर उचललं. दुसऱ्या हातानं वरून डोकं खाली ढकलू लागल्या. पीठ मळताना बाई अंगाचा भार देते तसा त्यांनी भार दिला.

दुखलं. बाळंतपणासारखं नाही. कळ येते आणि जाते, हे जात नव्हतं. मी पोट ताठ केलं की त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "ढीला छोडो, ढीला." ओरडणाऱ्याचं पोट ढिलं राहत नाही, म्हणून मी ओरडले नाही. वरती पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ऊन येत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

बाळ अर्ध्यापर्यंत आलं, आडवं झालं आणि सुळकन परत गेलं. डॉक्टरीणबाईंनी हात काढले. नरसाळं लावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"जाने दो," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात बघू."

"बाळाचं कसं हाय?"

"ठीक आहे."

"मग आजच करा. पुढल्या आठवड्यात मला कुनी येऊ द्यायचं न्हाई."

त्या पडद्याबाहेर गेल्या. मला वाटलं, झालं, आता घरी पाठवतात. पण त्या पाणी पिऊन आल्या. मला थोडा वेळ कुशीवर झोपवलं, मग परत उताणं केलं आणि या वेळी दुसऱ्या बाजूनं ढकललं. मी डोळे मिटून तोंडानं श्वास सोडत राहिले. एकदम पोटात सगळं सरकलं. पोत्यात कोंबलेलं मांजर वळतं तसं आतून काहीतरी वळलं, आणि बरगडीखालची ती टणक गाठ, जिच्यामुळे मला महिनाभर धड वाकता येत नव्हतं, ती गेली. तिथं हात लावला तर मऊ.

डॉक्टरीणबाईंनी नरसाळं लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या ऐकत होत्या, ऐकतच होत्या. मालक पडद्याबाहेर खोकले. मग बाईंनी मान हलवली.

"पहले ठोका थोडा मंद होता. आता ठीक."

दोन पंचे गुंडाळून पोटाच्या दोन्ही अंगांना लावले आणि वरून रुंद पट्टा आवळला. हा सोडायचा नाही, म्हणाल्या, नाहीतर परत फिरेल. रक्त दिसलं किंवा बाळ हलायचं थांबलं तर पळत या.

घरी आल्यावर सासूनं पट्टा बघितला. तिनं भावाला बोलावणं धाडलं.

मामा आले ते एस.टी.नं, धोतर नेसून, पायात नव्या वहाणा. सासूनं त्यांना पाट दिला आणि मला म्हणाली, "पट्टा सोड. हे कमरेला पाय लावतील, म्हंजी बाळ आपल्या जागंला जाईल."

"न्हाई सोडायची."

"गावाला काय सांगू मी? आमच्या वंशाचा गुन आला हुता, सुनंनं घालवला?"

"सांगा की."

सासू पट्ट्याला हात घालायला पुढं आली. कोपऱ्यात मुसळ होतं, ते मी हातात घेतलं. मारणार नव्हते, पण त्यांना तसं सांगितलंही नाही. मालक दारात उभे होते. ते म्हणाले, "आये, ऱ्हाऊ दे की." त्यांचं घरातलं तेवढंच बोलणं मला आयुष्यभर पुरलं.

मी मामांकडे वळले. "मामा, तुमी जलमला तवा तुमची आई कशानं गेली?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. सासूनंच मला एकदा शेतात सांगितलं होतं, की आई गेली तेव्हा ती परकर नेसत होती आणि या भावाला तिनंच कडेवर वाढवलं.

मामा वहाणांकडे बघत म्हणाले, "माझ्या जलमातच गेली. तीन दिस अडली हुती म्हनत्यात."

"अरं, तिच्या मरनाचंच सोनं झालं ना," सासू म्हणाली. "केवड्या लोकांचं दुखनं तू घालवलंस."

"अक्का," मामा म्हणाले, "लोकं येत्यात, मी लाथ लावतो. काईंचं जातं, काईंचं ऱ्हातं. मला काय ठावं?" ते उठले. "मी हिला पाय लावायचा न्हाई."

चहा न घेता गेले. सासू त्या दिवशी शेतात गेली आणि दिवेलागणीला आली. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

पट्टा मी अंघोळीपुरता सोडायची आणि लगेच बांधायची. कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. सुईण आली. मी तिला पहिल्यांदा हेच बजावलं, की जे आधी दिसेल ते मला मोठ्यानं सांगायचं. खोटं बोललीस तर मला मांडीला कळतं.

"सांगते माय, सांगते. तू जोर लाव."

सासू माझ्या पाठीमागं बसली होती. तिच्या गुडघ्यांना मी टेकले होते. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण धरून होती, आणि घट्ट धरून होती.

"केस दिसत्यात," सुईण म्हणाली.

"नक्की केसच का?"

"अगं केस हायती, काळंभोर. लाव जोर."

डोकं आलं. मग खांदे, कंबर आणि सगळ्यात शेवटी पाय. बाळ लगेच रडलं. सुईणीनं उचलून धरलं.

सासूनं बघितलं आणि म्हणाली, "पोरगी. आन् तीबी साधीच."

मी म्हटलं, "साधीच पायजे हुती. आना हिकडं."