लाईट गेली, पण करवत चालूच होती

मंडळी, घराच्या कामाला कुठली इलेक्ट्रिक करवत घेऊ, असं मीच या ई-मेल ग्रुपवर विचारलं होतं. शेवटी शिवाजीनगरहून घेतली. एकदा बटण लॉक केलं की ती चालूच राहते, बोट दुखत नाही, म्हणून तीच आवडली.

आज दुपारी माळ्यासाठी प्लायवूड कापताना मध्येच लाईट गेली. पातं फळीत अडकलं. ते सोडवायला मी फळीखाली हात घातला.

तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "अरे, आधी पाण्याचा पंप बंद कर. लाईट आली की आपोआप सुरू होईल."

पंप बंद करून वळलो आणि लाईट आली. करवत किंचाळत फळीतून उसळली आणि फरशीवर गरागरा फिरायला लागली. मी भिंतीला चिकटलो. बायकोनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

तुमच्या करवतीला असं बटण आहे का? लाईट गेली की आधी प्लग काढा.

लाईट आली तेव्हा शेजारी नेहमीसारखे "आली, आली" ओरडले. आमच्याकडे प्लग काढल्यावरही मेन स्विच लावायला संध्याकाळपर्यंत कुणी उठलं नाही.