डॉक्टर कोणती, मोठी की धाकटी?

माझा भाऊ एमरिस इथे वेल्समध्ये बेथेस्डा ते बँगोर बस चालवतो. मुली शाळेत असतानाच त्याची बायको एका विमा एजंटाबरोबर स्पेनला निघून गेली, आणि तेव्हापासून दोन्ही मुली अर्ध्या माझ्याकडेच वाढल्या. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. पुढच्या खोलीत माझं केस कापायचं दुकान, मागे स्वयंपाकघर. शाळा सुटली की दोघी मागच्या दाराने आत यायच्या. मोठी तेग्वेन, तिला सगळे तेगच म्हणतात. धाकटी मारेद.

मारेदला डॉक्टर व्हायचंय हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. खाणीत पाय चिरडलेल्या कुणाचा तरी एक्स-रे तिने लहानपणी पाहिला आणि तिथून ती सुटलीच नाही. पुढे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित घेतलं, तिन्हीत उत्तम मार्क आणले. तेगचा कल निराळा. तिने नाटक, इतिहास आणि वेल्श साहित्य घेतलं. विज्ञानाच्या बाईंनी एकदा एमरिसला बोलावून सांगितलं होतं की ही मुलगी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांपेक्षा माणसांकडे जास्त बघते. एमरिस घरी येऊन हसला होता.

आमच्याकडे वैद्यकीय शिक्षणासाठी वर्षाला चारच कॉलेजांना अर्ज करता येतो. मारेदला पहिल्या वर्षी चारही ठिकाणांहून नकार आला. दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, मग नकार. तिसऱ्या वर्षी प्रतीक्षा यादीत नाव होतं. अख्खा उन्हाळा ती फोन उशाशी घेऊन झोपली आणि तो वाजला नाही. मधल्या काळात ती गावातल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करत होती. "पुढच्या वर्षी होईल गं," असं लोक म्हणायचे, आणि दर वर्षी ते जरा हळू आवाजात म्हणायचे.

तेग पदवी घेऊन परत आली आणि डोंगराखालच्या वृद्धाश्रमात लागली. म्हाताऱ्यांना जेवू घालायचं, आंघोळ घालायची, दुपारी गाणी म्हणायची. तिथे इड्वल नावाचे एक जुने खाणकामगार होते, छातीत दगडाची धूळ भरलेली. शेवटचे काही आठवडे त्यांना श्वास पुरत नव्हता. तेग त्यांच्याजवळ बसायची. तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ती सारखे प्रश्न विचारायची, की हे औषध का, ते का नाही, ऑक्सिजन वाढवला तर काय होईल. एके दिवशी बाईंनीच उलट विचारलं, "तू डॉक्टर का होत नाहीस?" तेग म्हणाली, मला रसायनशास्त्रातला र सुद्धा येत नाही. तेव्हा बाईंनी सांगितलं की दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात अशांसाठीच आधी एक वर्ष विज्ञानाचं असतं. ज्यांनी शाळेत विज्ञान घेतलंच नाही त्यांनाच तिथे घेतात. ते वर्ष पास झालात तर पुढे मूळ अभ्यासक्रमात जागा.

तेगने हे रविवारी जेवताना सांगितलं. मी मटण भाजलं होतं, पुदिन्याचा सॉस होता, एमरिस बटाटे वाढत होता. तिने अर्ज करू का असं विचारलं, आणि विचारताना बघितलं ते मारेदकडे.

"कर ना," मारेद म्हणाली. "पाच दहा जागा असतात, हजार जण येतात. करून बघ."

त्यात कडवटपणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की काही होणार नाही. आणि मनाने ती चांगलीच मुलगी. तिने स्वतःची प्रवेश परीक्षेची पुस्तकं तेगला दिली, संध्याकाळी दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसून सराव करायच्या. मला परीक्षक व्हावं लागायचं. मी गंभीर चेहरा करून विचारायचे, "तुमच्या हातून चूक झाली तर काय कराल?" मारेद पाठ केलेलं उत्तर न अडखळता द्यायची. तेग मात्र इड्वलना एकदा चुकून फार गरम चहा दिला आणि त्यांचं तोंड भाजलं ते सांगायची. तेव्हा मला दोन्ही उत्तरं सारखीच चांगली वाटायची. अजूनही मला कळत नाही की कुठल्या माणसाने कुठल्या उत्तराला किती गुण द्यावेत.

मार्चमध्ये निकाल आले. आधी मारेदला चौथ्या वर्षीही सगळीकडून नकार. तीन दिवसांनी तेगला जागा मिळाली.

एमरिसने त्या दिवशी बसची पाळी बदलून घेतली होती, पण आनंद कुठे ठेवावा हे त्याला कळेना. तो तेगला मिठी मारायचा आणि मग मारेदच्या खोलीच्या बंद दाराकडे बघायचा. तेग तर रडतच होती. मी चहा केला, बारा ब्रीथ म्हणजे आमचा मनुकांचा गोड पाव, तो कापून लोणी लावून ठेवला. कुणी खाल्ला नाही.

गावात बातमी पोचली, पण अर्धवट. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे केस धुवायला आलेल्या बाईने आरशातून विचारलं, "मेन्ना, तुझ्या घरात डॉक्टर होतेय म्हणे?" मी हो म्हटलं आणि पाण्याचा नळ मोठा केला. पण औषधाच्या दुकानात नळ नव्हता. तिथे मिसेस पॅरी गोळ्या घ्यायला आल्या आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर मारेदचा हात हातात घेऊन म्हणाल्या, शेवटी जमलं बाई तुला, किती वर्षं वाट बघितलीस.

"मी नाही," मारेद म्हणाली. "तेग."

"तेग? ती नाटकवाली?"

मारेदने गोळ्या पिशवीत घातल्या, दिवसातून दोनदा जेवल्यावर घ्या असं सांगितलं, आणि मागे जाऊन गोदामात बसली. हे मला दुकानाच्या मालकाने सांगितलं. त्याने तिला घरी पाठवलं होतं. ती घरी गेली नाही, माझ्याकडे आली. कोट न काढताच बोलली.

"मला सगळं येतं, मला नाही घेतलं. तिला काहीच येत नाही, तिला घेतलं. यात माझं काय चुकलं तेवढं सांग, आत्या."

मी म्हटलं, तुझ्या जागेवर ती गेलेली नाही, तिची रांगच वेगळी होती. ते खरंही होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचं पाणी ठेवायला वळले.

तेग सप्टेंबरमध्ये गेली. त्याआधी दोघींमध्ये भांडण असं झालंच नाही, फक्त मारेद तिच्याशी बोलेनाशी झाली. मीठ दे, दार लाव, एवढंच. तेग मला फोन करायची आणि पहिले काही आठवडे खोटं खोटं हसायची. मग हसणंही संपलं. बाकीच्या मुलांचंही विज्ञान कच्चं होतं, पण हिचं फारच. अणू, बंध, आम्ल, सगळं तिच्या डोक्यावरून जात होतं. रात्ररात्र वाचायची, वर्गात रडू येईल म्हणून मागे बसायची. जानेवारीच्या परीक्षेत रसायनशास्त्रात नापास झाली. उन्हाळ्यात एकच संधी होती. तीही गेली तर जागा गेली.

ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. एमरिसने मारेदला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण घर केवढंसं, भिंती पातळ. एका संध्याकाळी मी ग्राहक आटपून मागे आले तर टेबलावर मारेदची जुनी पुस्तकं होती आणि दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मारेद शिकवत होती. आवाज कोरडा, बँकेतल्या बाईसारखा. तेग चुकली की ती फक्त "परत" म्हणायची. अख्खी सुट्टी हे चाललं. ना शिळोप्याच्या गप्पा, ना एकत्र चहा. शिकवायची मात्र अप्रतिम. मी भांडी घासता घासता ऐकायचे आणि मलाही समजायचं.

शेवटच्या संध्याकाळी तेगने वही मिटली आणि विचारलं, "मी उन्हाळ्यातही नापास झाले तर तुला बरं वाटेल?"

मारेदने पुस्तकं गोळा केली. "हो," ती म्हणाली. "एक दिवसभर."

"आणि नंतर?"

"नंतर काय, दोघी घरी."

मी भांड्यांकडे तोंड करून उभी होते, तेग हसली की रडली ते मला दिसलं नाही. मारेद निघून गेली होती.

जूनमध्ये तेग पास झाली, काठावर. पुढे मूळ अभ्यासक्रमात गेली, आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि वॉर्डात जाते. तिथे ती रमली आहे असं म्हणते, पण रसायनशास्त्राचा विषय निघाला की अजून ती भलतंच काहीतरी बोलायला लागते.

मारेदने पाचव्यांदा अर्ज केला नाही. लिव्हरपूलला एका प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करते. पगार बरा आहे, एक मित्र आहे, तो बोलका आहे म्हणून मला आवडतो. तिच्या साहेबांनी तिला इतरांना शिकवायचं काम दिलं तेव्हा तिने मला मुद्दाम फोन केला होता. कुणी विचारलंच तर सांगते की डॉक्टर व्हायचं लहानपणीचं वेड होतं.

गेल्या नाताळाला तेग चोवीस तारखेला आली आणि मारेद सत्तावीसला, तेगची गाडी सुटल्यावर. एमरिसने टर्की दोनदा गरम केली. मारेद जेवताना एकदम म्हणाली, "तेग बारीक झालीय का?"

"विचार ना तिलाच," एमरिस म्हणाला.

तिने फोन हातात घेतला, थोडा वेळ बघितला, आणि ताटाशेजारी पालथा ठेवला. मग तिने मला आणखी सॉस मागितला.