मयतीचं भाडं येगळं

जळकोटचा नबीलाल कल्हईवाला भाव सांगायचा तो भांडं विस्तवावर धरायच्या आधी. पातेलं फिरवून बघायचा, बुडाला टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "तीन आणे. कोळसा, कथील, नवसागर, समदं त्यात." मग बुडाला भोक निघो की कथील दुप्पट लागो, त्या तीन आण्यांचे सव्वातीन कधी झाले नाहीत. बायका घरची भांडी त्याच्या भात्यापुढं ओतून खुशाल निघून जायच्या. या सचोटीपायी त्याला एक खोड मात्र जडली होती. सगळं जग आपल्यासारखंच भाव करतं, असं त्याला वाटायचं. पन्नाशी आली तरी हे खूळ डोक्यातून गेलं नव्हतं. ते गेलं एका दुपारी, आणि जाताना त्याला पुरतं सोलून गेलं.

त्रेचाळीस सालचा उन्हाळा होता. त्याची आई जमिलाबी सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस पडून होती. जळकोट निजामाचं, सोलापूर इंग्रजांचं. अंतर सतरा-अठरा कोसांचंच, पण मधे जकातीचा नाका. अलीकडं निजामाचा हाली रुपया, पलीकडं इंग्रजांचा कलदार. परदेशच म्हणा ना. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी नबीलालला बाहेर बोलावलं आणि हळूच सांगितलं, "घरी न्या. आजचा दिवस, फार तर उद्याचा."

जमिलाबीचं एकच म्हणणं होतं. "नबी, मला घरला ने रं. तुझ्या अब्बाच्या शेजारी जागा हाय माझी. हितं परक्या मातीत नगं."

"नेतो की अम्मा. बरी झालीस म्हणून तर सोडलंय तुला," नबीलाल म्हणाला. आईशी तो इतकं मोठं खोटं कधी बोलला नव्हता.

लढाईचे दिवस, कापड कुठं मिळत नव्हतं. जळकोटात तर पांढरी चिंधी मिळाली असती तर नशीब. म्हणून त्यानं चार दुकानं पालथी घालून कफनापुरता कोरा लठ्ठा मिळवला, त्याची घडी एका जुन्या अभ्र्यात घातली आणि आईच्या डोक्याखाली उशी म्हणून सरकवली. तिला कळायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

निजलेल्या माणसाला बसमध्ये कुणी घेईना. तेव्हा चौकात टप फाटलेली एक मोटार होती, तिचा मालक चन्नबसप्पा याला त्यानं विचारलं.

"वीस रुपये. कलदार," चन्नबसप्पा म्हणाला. "दारात सोडतो बघा. पैसे तिथंच द्या."

झालं! नबीलालला वाटलं, सौदा पुरा झाला. त्यात काय काय आलं, हे त्यानं विचारलंच नाही. आई मागच्या बाकावर निजली, मोटार घरघरली आणि चन्नबसप्पानं हात पुढं केला.

"पेट्रोलचे पाच."

"म्हंजे? वीस ठरलं न्हवं?"

"ते मोटारीचे हो. पेट्रोल काय नळाला येतंय? आणि हद्दीबाहेर जायचं, त्याचे दोन." मग मान वळवून त्यानं म्हातारीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिला. "अजून एक सांगून ठेवतो, भाई. वाटेत काही झालं, तर मयतीचं भाडं येगळं. दुप्पट. तेवढे पैसे नसले तर मी तिथंच उतरवणार. नंतर भांडण नको."

नबीलालनं चट्कन आईकडं पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. त्यानं सात रुपये मोजून दिले. आता भाड्याचे वीस सोडले तर खिशात एक कलदार आणि सहा हाली उरले होते.

उन्हाचा नुसता जाळ होता. गाव मागं पडलं तसा चन्नबसप्पानं समोरचा आरसा वाकवला. आता त्यात रस्ता दिसत नव्हता, म्हातारीची छाती दिसत होती. दर फर्लांगाला त्याची नजर तिकडं जायची. आईचा श्वास मधेच थांबायचा, मोटार चार झाडं मागं टाकायची, आणि मग तो पुन्हा यायचा. प्रत्येक वेळी नबीलाल मनातल्या मनात अल्लाकडं दुवा मागायचा.

पुढं टायर फुटलं. ठिगळाचा एक रुपया. शेवटचा सुटा कलदार गेला. ठिगळ लावून होईस्तोवर सूर्य कलला आणि चन्नबसप्पा म्हणाला, "दिवस मावळला की नाक्याचा बांबू पडतो. मग सकाळीच उघडतो." हे त्यानं आधी का सांगितलं नाही, असं विचारायचंही नबीलालला सुचलं नाही.

ते नाक्यावर पोचले तेव्हा शिपायानं बांबूची दोरी हातात घेतलेली होती. परमुलखातल्या मोटारीच्या चिठ्ठीचे चार हाली गेले. कारकून हातात छडी घेऊन मोटारीभोवती फिरला आणि त्यानं छडीचं टोक उशीत खुपसलं. अभ्र्याच्या फटीतून कोरी पांढरी कड बाहेर आली.

"नवं कापड? परवान्याबिगर?" कारकून गुरकावला. "जप्त होणार. बोल, कशाला आणलंस?"

खरं बोलावं तर आई ऐकणार. गप्प राहावं तर कफन जाणार. त्यानं उरलेले दोन हाली पुढं केले. कारकुनानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. शिपायानं दोरी सैल सोडली, बांबू करकरत खाली येऊ लागला.

"माझं हाय ते," बाकावरून आवाज आला. जमिलाबीनं डोळे उघडले होते. "कफन हाय, साहेब. अजून घातलं न्हाय म्हणून नवं दिसतंय."

कारकुनानं छडी मागं घेतली. शिपायानं आपसूक दोरी ओढली.

मोटार नाक्यापलीकडं गेली तेव्हा नबीलाल आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "तुला कधी कळलं, अम्मा?"

"कोऱ्या लठ्ठ्याला वास येतो रं," ती पुटपुटली. मग बराच वेळ दम खाऊन म्हणाली, "त्याचं बोलणंबी ऐकलंय म्या. तू घाबरू नगंस."

पुढचे कोस ती कशी आली, तिचं तिला ठाऊक. दोन्ही मुठींत तिनं बाकाची कड आवळून धरली होती. श्वास घशात घरघरत होता. चन्नबसप्पाची नजर आरशातून हलत नव्हती.

दारात उतरवून नबीलालनं तिला ओसरीवर निजवलं. चन्नबसप्पा मागोमाग आला, वाकला आणि म्हणाला, "आजी?"

जमिलाबीनं डोळे सताड उघडले. "हाय मी. बघून घे नीट."

त्यानं खाली मान घालून वीस रुपये मोजून घेतले. मोटार वळली, धूळ उडाली, आवाज हमरस्त्याकडं लांब गेला.

नबीलालनं पाण्याची वाटी आईच्या ओठांना लावली. तिनं ती आवळल्या मुठीनंच दूर केली.

"गेला का रं तो?"

"गेला, अम्मा."

तेव्हा कुठं तिच्या मुठी सुटल्या.