बंडूला गंगेवर नेलं ती सकाळ

त्या दिवसांत मी देवाशी भांडत होते. लहानपणापासून रामाच्या देवळात गेल्याशिवाय मी घासही घेतला नव्हता, आणि आता तीच मी देवळावरून जाताना मान दुसरीकडे फिरवत होते. कारण सांगितलं तर लोक हसतील म्हणून कुणाला सांगत नव्हते. माझा कुत्रा मरणाच्या दारात पडला होता, पण मरत नव्हता.

बंडू माझ्याकडे आला तो दुष्काळाच्या साली. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी मला नुकतीच लागली होती. सकाळपाळी संपवून पंचवटीतल्या खोलीवर परतताना हे मुठीएवढं पिल्लू नळाच्या कोरड्या तोटीखाली बसलेलं दिसलं. वडील तेव्हा होते. ते म्हणाले, "घेऊन आलीस ना, आता निभाव." पुढे वडील गेले, माझं लग्नाचं वयही निघून गेलं आणि घरात बंडू आणि मी एवढेच उरलो. तो तरणाबांड असताना करंजाच्या चौकात एका ट्रकने त्याला उडवलं. जीव वाचला, पण मागचे दोन्ही पाय कायमचे गेले. मी वडिलांचा जुना पंचा त्याच्या पोटाखालून घालून मागचं अंग उचलून धरायची आणि तो पुढच्या दोन पायांवर ऐटीत चालायचा. रस्त्यावरच्या धडधाकट कुत्र्यांवर भुंकायचाही. अशी आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं काढली. मग त्याचे डोळे गेले, कान गेले. शेवटी पाठीला जखमा झाल्या आणि त्या काही केल्या भरेनात. मी धुवायची, हळद लावायची, औषध लावायची. तो कण्हायचा, आणि मी हात लावला तरी दात काढायचा. माझ्या हाताला! त्याने जन्मात कधी मला दात दाखवले नव्हते.

आमच्या घरमालकांना सगळे नाना म्हणत. त्यांच्या ओसरीवर दर गुरुवारी प्रवचन असायचं आणि भूतदयेवर बोलताना ते उपरण्याने डोळे टिपायचे. एका गुरुवारी प्रवचन आटोपल्यावर, लोक प्रसाद घेत असताना, त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं.

"बाई, वास येतो हो. आता त्याची काहीतरी व्यवस्था करा. आणि एक सांगू का, हे त्याचे मागच्या जन्माचे भोग आहेत. तुम्ही मध्ये पडून ते लांबवताय."

माझ्या हातातला प्रसाद मी तिथेच कठड्यावर ठेवला. "भोग त्याचे असतील, नाना. पण तहान लागल्यावर त्याला पाणी पाजायचं काम माझ्याकडे आलंय. ते मी सोडणार नाही."

मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "पोरबाळ नाही ना, म्हणून." मी वळून पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर माझ्या हातून काय झालं असतं, सांगता येत नाही.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी बंडूला तपासलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता इंजेक्शन देऊन शांत झोपवणं एवढंच आपल्या हातात आहे. उद्या सकाळी आणा. तोवर मनाची तयारी करा."

तयारी कसली करायची? घरी येऊन मी देवघरासमोर उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. जन्म तू दिलास, पाय तू काढून घेतलेस, डोळे तू नेलेस, आणि आता शेवटचं तेवढं काम माझ्या हातून करून घेतोस? उद्या सकाळपर्यंत तू त्याला ने. नाहीतर मी नेईन, पण मग पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. अशा शब्दांत मी देवाला कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर भीतीही वाटली नाही. नुसता संताप होता.

सकाळ झाली. बंडू जिवंत होता आणि पहिल्यापेक्षा जास्त कण्हत होता. पाण्याची वाटी तोंडाशी नेली तर तोंड फिरवत होता. मी त्याला गोधडीत गुंडाळून उचललं आणि निघाले. नाक्यावरच्या तांगेवाल्याने गोधडीत काय आहे ते पाहिलं आणि लगाम ओढला. "नको बाई, नंतर सवारी बसणार नाही माझ्या तांग्यात." दुसऱ्याने नुसती मान हलवली. मग मी चालतच निघाले. आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो, त्या गंगेपर्यंत आले आणि माझे दंड भरून आले. एक पाऊलही पुढे टाकवेना. घाटाच्या एका बाजूला, गर्दीपासून जरा दूर, पायरीवर बसले, बंडूला शेजारी ठेवलं आणि माझ्या तोंडून शिव्या बाहेर पडल्या. ज्या गंगेला मी रोज हात जोडले, तिच्याच काठावर बसून मी रामाला शिव्या देत होते.

"कुणाला बोलता, ताई?"

दोन पायऱ्या वर एक बाई बसली होती. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, पायात काही नाही. माझ्याहून थोडी मोठी असेल.

"देवाला," मी म्हणाले. लाज वाटायच्या पलीकडे गेले होते.

"बोला, बोला. माझ्या वाटच्याबी दोन घाला."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत माझ्यासारखाच जाळ होता. ती दिंडोरीकडची. एकुलती एक लेक काविळीने गेली होती. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं होतं. नवरा आधीच वारलेला, म्हणून धाकटा दीर अस्थी घेऊन आला होता आणि तिकडे अस्थी सोडायच्या कुंडावर भटजींसमोर बसला होता.

"मला म्हणले, बायांनी तिथं यायचं नाय. इथंच बस." ती दात आवळून बोलत होती. "म्या तिला जन्म दिला तवा नाय कुणी म्हणलं, येऊ नको. देवीला नवस बोलले, ओटी भरली, उपास धरले. काय कामाचं? लोक म्हणतेत रड, मोकळी हो. रडू येत नाय, ताई. नुसता राग येतोय. लय राग."

मग तिने गोधडीकडे पाहिलं. "कोण हाय?"

मी गोधडीचं टोक बाजूला केलं. वास आला असणारच. ती मागे सरली नाही. खाली उतरून आली आणि मी "चावेल हो" म्हणते तोवर तिने बंडूचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. तो चावला नाही. पदराचं टोक पाण्यात बुडवून तिने त्याच्या तोंडात थेंब थेंब पिळलं. वाटीकडून तोंड फिरवणारा बंडू ते पाणी जिभेने चाटत होता. ती त्याच्या कानामागे बोटं फिरवत काहीतरी पुटपुटत होती. लेकराला निजवताना म्हणतात तसं. त्याला ऐकू येत नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.

हळूहळू त्याचं कण्हणं थांबलं. मी त्याच्या पुढच्या पायावर हात ठेवला. दात काढले नाहीत त्याने. त्याने नाक माझ्या मनगटाला लावलं, वास घेतला आणि एक लांब श्वास सोडला. पुढचा श्वास आलाच नाही.

मग तिच्या छातीतून एक आवाज निघाला. ती बंडूच्या अंगावर वाकली आणि रडायला लागली. "माझी बाय गं," म्हणत रडायला लागली. लेकीचं नाव घेऊन, हंबरडा फोडून. मी तिला धरलं. कोण कुणाचं सांत्वन करत होतं, कुणाला ठाऊक.

थोड्या वेळाने तिचा दीर आला. नुकतंच मुंडन केलेलं, ओला पंचा खांद्यावर. "वहिनी, चला, एस.टी. जाईल." मग मांडीवरचं मेलेलं कुत्रं पाहून तो दचकला. "हे काय वो? शिवलंत त्याला? आता पुन्हा आंघोळ..."

"गप रे!" तिने मान वर केली. त्या आवाजाने घाटावरचे चार लोक थांबले. "माझ्या लेकीला माती लावू दिली नाय तुम्ही. राख सोडू दिली नाय. याला माती दिल्याबिगर मी जागची उठत नाय. जा, फावडं आण कुठूनतरी."

आणि तो गेला. पलीकडे मळ्यात काम करणाऱ्यांकडून फावडं मागून आणलं. वस्तीपासून पुढे, नदीच्या वरच्या अंगाला बाभळी होत्या, तिथे त्या माणसाने खड्डा खणला. आधी कुरकुरत, मग मुकाट्याने. शेवटी फावडं टाकून तोही डोळे पुसत होता. बंडूला गोधडीसकट आम्ही आत ठेवलं. पहिली मूठ मी घातली. दुसरी तिने, आणि ती मूठ सोडायला तिला फार वेळ लागला.

तिचं नाव, नेमकं गाव विचारायचं राहून गेलं. एस.टी.च्या घाईत ती दिरामागून निघाली. जाता जाता वळून एवढंच म्हणाली, "ताई, शिव्या दिल्या म्हणून भिऊ नका. तो काय आपल्या बोलण्याने मरत नाय."

पुष्कळ दिवस मी मनाशी म्हणत राहिले की त्या बाईला देवाने माझ्यासाठी धाडलं. माझ्या हातांवर इंजेक्शनाचा भार येऊ दिला नाही, बंडूला मायेच्या मांडीवर नेलं. नंतर केव्हातरी लक्षात आलं, की तिने आपल्या घरी हीच गोष्ट उलटी सांगितली असेल. अडलेलं रडू मोकळं करायला कुणीतरी बाई आपलं म्हातारं कुत्रं घेऊन घाटावर आली होती, म्हणून. कोण कुणासाठी आलं, हे मी आता शोधत नाही.

माझा राग गेला आहे, असं मी म्हणणार नाही. त्या मुक्या जिवाला एवढं का सोसावं लागलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि नानांसारख्यांचं उत्तर मला नको आहे. पण शरण जायचं तर आधी मन शांत हवं, अशी माझी समजूत होती, ती मोडली. जे हातात असेल ते देवाच्या पायाशी टाकायचं. माझ्या हातात त्या दिवशी फक्त संताप होता, तोच मी टाकला आणि त्याने तो घेतला. माझ्या शिव्यांना उत्तर म्हणून त्याने कुणी साधू पाठवला नाही, की दृष्टांत दिला नाही. आली ती अनवाणी, डोक्यावर पदर घेतलेली, माझ्याहूनही जास्त चिडलेली एक आई. तिच्या मांडीवर माझ्या बंडूला जागा मिळाली, यासाठी मी त्या रामाची जन्मभर ऋणी आहे.