व्हॅनिलाच्या फुलातला पडदा

चहाला आधण आलं होतं आणि ज्ञानेश्वरी माडाच्या झावळीतल्या हिराची काडी चाकूने तासत होती, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. सकाळी साडेसहाला कोण? दार उघडलं तर भावेश, तिचा धाकटा भाऊ. चिपळूणला कामाला आलेला, तो मंडणगडला परतायच्या आधी बाइकवर इकडे वळला होता.

"ताई, हेतलचा साखरपुडा ठरला! रविवारी सकाळी दहाला. शनिवारी दुपारी तुला न्यायला येतो."

हेतल त्यांची शेंडेफळ बहीण. ज्ञानेश्वरीच्या चेहऱ्यावर हसू आलं नि तिथेच थांबलं. मार्च महिना, आणि परसातल्या पोफळींवर चढलेले व्हॅनिलाचे वेल फुलले होते.

"चल, बोलत बोलत दाखवते," ती काडी घेऊन उठली. "फुलं थांबत नाहीत."

पिवळसर हिरवं फूल तिने डाव्या हातात धरलं, ओठासारखी पाकळी काडीने चिरली. "हे बघ, वर पराग, खाली कुक्षी. दोघं एकाच फुलात, पण मधे हा पडदा. तो उचलणाऱ्या माशा आपल्याकडे नाहीत. म्हणून मी." काडीने पडदा उचलून तिने अंगठ्याने पराग खाली दाबला. "आणि हा देठ वाटतो ना, तो अंडाशय. ह्याचीच शेंग होते. दुपारी फूल मिटलं की संपलं."

"मग रविवारी भावोजींनी करावं की."

"त्याने?" सासूबाई, भागूबाई, मागून हसल्या. "त्याची बोटं म्हणजे केळी! मागल्या वर्षी दाबायला गेला नि अख्खा घोस मोडलान. माझे डोळे हे असे. ज्ञानूसारखा हात नाही रे कुणाचा."

हे कौतुक चार वर्षांचं. बारावी सायन्सच्या वहीत काढलेलं फूल खरंखुरं हातात आलं, म्हणून तिने हौसेने शिकून घेतलं होतं. तेव्हापासून फेब्रुवारी ते एप्रिल एकही सकाळ तिची राहिली नव्हती. भावेशच्या लेकीचं बारसं असंच चुकलं. एकदा तापातही ती वेलांखाली उभी होती. राहून गेलेलं फूल दुसऱ्या दिवशी गळतं. सासरे काशीराम ते उचलून ओट्यावर तिच्यासमोर ठेवत.

"फुलं उरकून अकराला निघ की गो," भागूबाई म्हणाल्या. "जेवणाला पोचशील."

"अकराला निघून तीन वाजतील, आई. तोवर अंगठी घालून पाहुणे घरी."

"मग काय वेलाला थांब म्हणून सांगतेस?"

भावेश बुटाने माती उकरत राहिला. काशीराम आले, कालची दोन मऊ पडलेली फुलं त्यांनी ओट्यावर ठेवली. ज्ञानेश्वरीने हातातलं फूल पुरं केलं आणि काडी त्या फुलांशेजारी ठेवली.

"बाबा, रविवारची एक सकाळ मला द्या. त्या दिवशीची फुलं गळू देत."